टपालचा घसा बसतो

सोमवारी सकाळी टपालचा घसा बसला आणि घराचा कारभार ठप्प झाला.

टपाल म्हणजे घड्याळजींची नात, वय वर्षं आठ. शाळेच्या हजेरीपटावर तिला रीतसर नाव आहे, पण घरात ते कोणी वापरत नाही. बोलता यायला लागल्यापासून ती घरातले निरोप वाहते आहे, कारण तिचे आजोबा आणि आजोबांची थोरली बहीण नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एका छताखाली राहतात, एका टेबलावर जेवतात, टूथपेस्टची एकच ट्यूब दोन टोकांनी पिळतात. बोलत मात्र नाहीत.

भांडण झालं ते टपालच्या आईवडिलांच्या लग्नात. भर पाहुण्यांत थोरली म्हणाली, "आमच्या चिमण्याच्या दिवाणखान्यातलं घड्याळ पाच मिनिटं मागे असतं, आणि हा निघालाय जगाची घड्याळं दुरुस्त करायला!" त्यावर चिमण्या, म्हणजे आपले घड्याळजी, म्हणाले, "आणि ही तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून द्यायची आणि मग चोरून ऐकत बसायची!" दोघांनी एकमेकांच्या पोटापाण्याच्या धंद्यावर हात घातला. माणूस आईबापावरून बोललेलं एक वेळ विसरेल, धंद्यावरून बोललेलं नाही. शिवाय इथे आईबाप सामाईक असल्यामुळे ती सोयही नव्हती.

तेव्हापासून घरात दोन वेळा चालतात. एक थोरलीच्या मनगटावरची, रेडिओशी जुळवलेली. दुसरी दिवाणखान्यातल्या लंबकाच्या घड्याळाची, पाच मिनिटं मागची. घड्याळजींच्या मते रेडिओच पुढे आहे. मोबाइलचं काय, असं एकदा मुलाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कंपन्यांना माणूस घाईत असलेला परवडतो." टपालची आई शहर बस चालवते. तिला पहाटे थोरली उठवते आणि मनगट बघून "निघ आता" म्हणते, म्हणून तिची बस वेळेवर सुटते. टपालचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि लंबकाच्या घड्याळावर चालतात. त्यांच्याबद्दल दुकानदारांचं मत काय आहे ते न विचारलेलं बरं.

तर टपालने सकाळी तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. अंगात ताप होता, गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. आईने बदली ड्रायव्हर मिळवून सकाळची फेरी टाळली आणि तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला, मान चाचपली.

"टॉन्सिल चांगलेच सुजलेत. पांढरे ठिपके आलेत. हे गुलाबी औषध दिवसातून तीन वेळा, सात दिवस. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी बंद करायचं नाही. हे दुसरं तापासाठी. ताप असेल तरच, आणि दोन डोसांत सहा तासांचं अंतर हवं म्हणजे हवंच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. पाणी भरपूर. कप आणि चमचा वेगळा ठेवा. आणि तीन दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही."

टपालने आईकडे पाहिलं. ती नजर पगारी रजा मंजूर झालेल्या माणसाची होती.

"श्वास लागला, पाणीही गिळता येईना, लाळ गळायला लागली, तर फोनबिन करत बसू नका, सरळ घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "घरी बघायला कोण आहे?"

"दोघं आहेत," आई म्हणाली आणि तिने पर्स जवळ ओढली.

तिच्या पर्समध्ये एक अर्ज होता. डेपोमागे क्वार्टर्स रिकाम्या होत होत्या; दोन खोल्या, स्वतंत्र नळ, आणि शेजारी एकमेकांशी बोलणारी माणसं. मंगळवारी दुपारी बारापर्यंत अर्ज द्यायचा होता. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुला योग्य वाटेल ते कर, मी शिडीवर आहे." घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं हेच उत्तर असे, आणि बहुतेक वेळा तो खरोखरच शिडीवर असे.

घरी आल्यावर तिने अर्ज जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवला, मजकुराची बाजू वर करून. दोघांनी तो वाचला. घड्याळजींनी भिंग लावून वाचला, थोरलीने न वाचल्यासारखं करून.

"हे काय, सूनबाई?" घड्याळजींनी विचारलं.

"अर्ज आहे, बाबा. अजून दिलेला नाही. मला साडेअकराची फेरी घ्यायचीच आहे, बदली मिळत नाही. साडेचारला येते. तेवढा वेळ हिचं नीट झालं, तर अर्ज तांब्याखालीच राहील. औषधाच्या वेळी मला तुमचं राजकारण नको."

"राजकारण मी करतच नाही," घड्याळजी म्हणाले. "टपाल, तुझ्या आत्याआजीला सांग, की—"

टपालने गळ्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात पसरले. सेवा खंडित होती.

आई निघाली. जाताना ती दिवाणखान्यात थांबून सासऱ्यांना म्हणाली, "आठ वाजता तापाचं औषध दिलंय. दोनला ताप असला तर पुढचा डोस द्या." मग स्वयंपाकघरात डोकावून आत्यांना म्हणाली, "आठ वाजता तापाचं औषध दिलंय. दोनला ताप असला तर पुढचा डोस द्या." या घरात एकच गोष्ट दोन खोल्यांत दोनदा सांगायची तिला नऊ वर्षांची सवय होती. बस चौकातून वळवताना तिला कसलीशी चुटपुट लागली, पण तेवढ्यात एका रिक्षाने मध्ये तोंड घातलं आणि ती विसरली.

दुपार सुरळीत सुरू झाली, म्हणजे दोघांनी मिळून एकाच मुलीची दोनदा शुश्रूषा केली. थोरलीने गुळण्या करवल्या. ती बाहेर जाताच घड्याळजींनी करवल्या. थोरलीने भाज्यांचं सूप आणलं, फुंकर घातली, फार गरम नाही ना म्हणून चाखलं, आणि त्याच चमच्याने भरवलं. मग घड्याळजींनी उकडलेला बटाटा कुस्करून आणला आणि तोच चमचा घेऊन तोच विधी केला. टपालने पाटीवर लिहिलं, 'चमचा वेगळा!' घड्याळजी म्हणाले, "वेगळाच आहे बाळ, हा फक्त तुझाच आहे," आणि पुन्हा चाखलं.

थोरलीच्या मनगटावर दोन वाजले तेव्हा तिने थर्मामीटर लावला. एकशे दोन. तिने झाकणात मापून औषध दिलं, तोंड पुसलं, आणि कपाळावर ठेवायची पट्टी भिजवायला मोरीकडे गेली.

पाच मिनिटांनी लंबकाच्या घड्याळाने दोन ठोके दिले. घड्याळजी उठले. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्यामुळे औषध मापायला त्यांना चार मिनिटं लागायला हवी होती. त्यांनी एका मिनिटात मापलं. थेंब इकडेतिकडे नाही.

"आ कर."

टपालने ओठ मिटले आणि मान हलवली.

"कडू नाही गं. गोड आहे."

पुन्हा मान. या वेळी तिने बंद दाराकडे बोट दाखवलं, मग झाकणाकडे, मग आपल्या पोटाकडे.

घड्याळजी बुचकळ्यात पडले. "तिने दिलं?"

टपाल 'हो' म्हणणार होती. मान अर्धी खालीही आली होती. पण तापात माणसाला कधी कधी फार स्पष्ट दिसतं. तिला दिसलं, की आत्ता 'हो' म्हटलं की आजोबा झाकण परत ओततील, आणि आत्याआजीला काय सांगायचं ते उद्या परवा तिलाच सांगतील. तीन दिवसांनी आवाज येईल आणि पुन्हा डाक सुरू. 'आजोबांना सांग दिवा मालवा.' 'आत्याआजीला सांग मालवलाय.' तिने वाटेत थांबलेली मान वर घेतली, पाटी ओढली आणि लिहिलं :

'आत्याआजीला विचारा.'

"तू सांग ना."

तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

"मग लिही. हो की नाही, एवढंच."

टपालने खडू उशीखाली सरकवला, हाताची घडी घातली आणि डोळे मिटले. संप अधिकृतपणे जाहीर झाला.

घड्याळजींनी आधी तपास करून पाहिला. बाटली डोळ्यासमोर धरली. पातळी खाली होती, पण सकाळी किती होती ते कुणी पाहिलं होतं? झाकण ओलं होतं, पण ते आत्ता त्यांनीच ओलं केलं होतं. सुनेला फोन लावला. गाडी चालवताना ती तो बंद ठेवते. मुलाला लावला.

"बाबा, मी शिडीवर आहे."

"उतर!"

"अर्धं 'टायर' झालंय, बाबा. आत्ता उतरलो तर दुकानात नुसतं 'टा' मिळतं असं लोकांना वाटेल. आत्याला विचारा ना."

फोन ठेवून त्यांनी नातीकडे पाहिलं. गाल लाल झाले होते. दिलं नसेल, तर ताप चढणार. दिलं असेल आणि पुन्हा दिलं, तर... डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर 'सहा तासांचं अंतर' याखाली दोन रेघा होत्या. तांब्याखाली अर्ज होता. क्वार्टर्समध्ये स्वतंत्र नळ होता. या घरात मग एक लंबक उरला असता आणि एक मनगट.

मोरीपर्यंत बावीस पावलं आहेत. घड्याळजी ती अर्ध्या मिनिटात चालले आणि दाराशी दोन मिनिटं उभे राहिले.

आत थोरली पट्टी पिळत होती. चिमण्याची चाहूल तिला पाठीमागूनही कळते. तो लहानपणापासून डावा पाय घासत चालतो. आता हा टपालला हाक मारील आणि निरोप सांगेल, असं तिला वाटलं. हाक आली नाही.

"ताई," घड्याळजी म्हणाले.

थोरलीच्या हातून पट्टी बादलीत पडली.

"ताई, तू तिला औषध दिलंस का?"

तीस वर्षं तिने या प्रसंगासाठी लोकांना तयार केलं होतं. 'बोला, लाइन जोडली आहे,' म्हटलं, की पलीकडे माणसं अशीच गप्प व्हायची.

"दिलं," ती म्हणाली. "दोन वाजता."

"दोन तर आत्ता वाजले."

"आत्ता सव्वादोन झालेत, चिमण्या!"

"म्हणजे तू दिलंस."

"म्हणजे काय? तू...?" थोरली गर्रकन वळली. "दिलंस तू?"

"तिने घेतलं नाही. ओठ मिटले."

थोरली मोरीतल्या स्टुलावर बसली. घड्याळजी उंबऱ्यावर बसले.

"कागद कर," थोरली म्हणाली. "एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची नोंद असायची. कधी जोडला, कोणी जोडला."

"तुझ्या वेळेने?"

"दोन रकाने कर. तुझी वेळ, माझी वेळ. सही दोघांची."

हाताला जो कागद लागला त्यावर घड्याळजींनी मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या. तो तांब्याखालचा होता हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत.

तीन वाजता ताप शंभरावर आला आणि टपाल शांत झोपली. तिच्या पायाशी बसून दोघं हळू आवाजात बोलायला लागली. नऊ वर्षांचं साचलेलं होतं; कुठून सुरुवात करावी कळेना.

"तसा मी कधीच बोललो असतो," घड्याळजी म्हणाले. "तू माफी मागितलीस तेव्हाच."

"मी? कधी?"

"तीन वर्षांपूर्वी. निरोप नव्हता का धाडलास? 'आजोबांच्या हातचं घड्याळ जगात चुकत नाही.' मी म्हटलं, चला, उशिरा का होईना."

"मी धाडलं होतं, 'त्याला सांग, बाथरूममधला टॉवेल उचल.'" थोरली सरसावून बसली. "आणि तू? 'आत्याआजीसारखा आवाज रेडिओवरसुद्धा नाही,' हे तुझं नव्हे?"

"मी म्हटलं होतं, तिला रेडिओचा आवाज कमी करायला सांग."

"माझ्या वाढदिवसाला... 'ताई नसती तर घर चाललंच नसतं'?"

"तुझा वाढदिवस मला आठवतसुद्धा नाही, ताई."

दोघांनी सावकाश मान वळवून अंथरुणाकडे पाहिलं. टपाल तोंड उघडं टाकून झोपली होती. पाच वर्षं या कारटीने एक निरोप धड पोचवला नव्हता, आणि त्यावर दोघं मजेत जगली होती.

"म्हणजे माफी तू मागितलीच नाहीस," घड्याळजी म्हणाले.

"मी का मागू? तू मागितली नाहीस!"

"भर लग्नात कोण बोललं?"

"एक्स्चेंजचं कोणी काढलं?"

साडेचारला आई जिना चढली तेव्हा वरून आरडाओरडा ऐकू येत होता. दार ढकलून ती धावत आत गेली, तर टपाल उशीला टेकून, पाय हलवत, सिनेमा बघितल्यासारखी बघत होती आणि समोर सासरे आणि आत्या एकमेकांकडे तोंड करून भांडत होते. थेट. मध्यस्थाशिवाय.

"ताप?" आईने विचारलं.

"शंभर!" दोघं एकदम म्हणाली आणि पुन्हा भांडू लागली.

"तापाचं औषध कोणी दिलं?"

घड्याळजींनी बोलणं न थांबवता कागद तिच्या हातात ठेवला. वेळ (ताई), वेळ (घड्याळ), औषध, माप, ताप, गुळण्या, सही, सही. दोन अक्षरं शेजारी शेजारी. 'कोणी दिलं' या रकान्यात दोन वाजता थोरली होती, आणि त्याखाली बारीक अक्षरात : 'धाकट्याने देण्याचा प्रयत्न केला. रुग्णाने हाणून पाडला.'

आई खुर्चीत बसली. निघताना दोन खोल्यांत दोनदा सांगितलेलं वाक्य तिला आता आठवलं. तिने कागद उलटला आणि मागे आपलंच नाव, पद आणि बिल्ला क्रमांक दिसला. मग तिला हसू फुटलं ते थांबेचना. टपालही हसली, घसा दुखला, रडली, पुन्हा हसली.

"अहो आत्या, हा माझा अर्ज आहे!"

"असू दे," थोरली म्हणाली. "सात दिवसांचं औषध आहे, सात दिवस नोंद चालणार. मधेच कागद बदलला की हिशोब चुकतो."

मंगळवारचे बारा दोन्ही वेळांनी वाजून गेले.

बुधवार रात्रीपर्यंत ती दोघं बोलत होती. जेवताना बोलली, दात घासताना बोलली, एकमेकांच्या दाराबाहेर उभी राहून बोलली. टपालच्या वडिलांना शिडीची आठवण येऊ लागली. "आत्याला सांग, जरा—" असं ते लेकीला म्हणू लागले आणि तिने पाटीवर लिहून ठेवलेली ओळ वर केली : 'टपाल कचेरी बंद आहे.'

गुरुवारी सकाळी टपालचा आवाज परत आला. जरा खरखरीत होता, पण आला. तिने उठून पहिली हाक मारली, "आजोबा!" उत्तर आलं नाही. "आत्याआजी!" तिकडूनही नाही. दोघं आपापल्या अंथरुणात बसून, गळ्याला हात लावून, उघड्या दारांतून एकमेकांकडे बघत होती.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. दोन घसे पाहिले, मग टेबलावरचा एकुलता एक चमचा पाहिला.

"चाखून भरवत होता?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"ठिपके दोघांनाही आहेत. आवाज मात्र संसर्गाने गेलाय की दुसऱ्या कशाने, ते नाही मला सांगता येत." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "हेच औषध, गोळ्यांत. तीन दिवस मौन. आणि घरात निदान चार चमचे विकत घ्या."

घरात एकाएकी इतकी शांतता झाली, की लंबक ऐकू यायला लागला. दुपारी घड्याळजींनी नातीला खूण करून बोलावलं आणि थोरलीकडे बोट केलं. टपालने कमरेवर हात ठेवले.

"अजिबात नाही. पाटी घ्या आणि तुमचं तुम्ही लिहा. आणि मी बघणार नाही."

ती सोफ्याच्या पाठीमागे गेली आणि दोघांच्या खांद्यांमधून बघू लागली.

थोरलीने पहिलं लिहिलं : 'तुझं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे.'

घड्याळजींनी खडू घेतला. बराच वेळ तो पाटीला लावून ठेवला. मग लिहिलं, 'माहीत आहे.'

थोरलीने भुवया उंचावल्या. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात, कारण पाटी लहान होती : 'तुला ड्यूटीवरून यायला उशीर व्हायचा. आई घड्याळ बघून बोलायची. बाबांनी पाच मिनिटं मागे करून ठेवलं. मी म्हटलं होतं, असू दे.'

थोरलीने ते दोनदा वाचलं. मग खडू घेऊन खाली लिहिलं, 'मी ऐकायची. कधी कधी,' आणि घड्याळजींनी ते वाचताक्षणी तिनेच कोपराने पुसून टाकलं. टपालने मात्र तोवर वाचलं होतं. तिने ते कोणालाही सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने एक निरोप जसाच्या तसा ठेवला.

मग थोरलीने मनगटावरचं घड्याळ काढलं. नखाने चावी बाहेर ओढली, भिंतीकडे पाहिलं, आणि काटा पाच मिनिटं मागे नेला.

शुक्रवारी पहाटे तिने नेहमीप्रमाणे सुनेला हलवून उठवलं, मनगट बघितलं आणि हाताने खूण केली : निघ आता.

त्या दिवशी पहिली बस पाच मिनिटं उशिरा सुटली. थांब्यावरचे प्रवासी जे काही म्हणाले, ते सुदैवाने घरी पोचवायला कोणी नव्हतं.